वल्हे : पोटासाठी आणि आनंदासाठी

(आपल्या भोई समाजाच्या पिंपळगाव राजा येथील वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा शिक्षण, हुंडा, वसतिगृह असे काही नेहमीचे विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. आणि त्यांवर बोलणारी आमच्याहून अधिकारी माणसे येथे बसली आहेत. आम्ही आज वल्ह्याविषयी बोलणार आहोत. वल्हे हाती घेऊन पाण्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांविषयी, त्यांतील आनंदाविषयी आणि त्या आनंदावर आपल्या मुलामुलींचा जो हक्क आहे त्याविषयी चार शब्द सांगण्याचा मानस आहे.

पिंपळगाव राजासारख्या ठिकाणी हा विषय ऐकून काहींच्या ओठांवर हसू आले असेल. समुद्र येथून चारशे-पाचशे किलोमीटर दूर. नद्या चार महिने वाहतात आणि चैत्र लागला की वाळू उघडी पडते. उन्हाळ्यात ज्या गावांतून टँकरची वाट पाहिली जाते, तेथे नौकाक्रीडेची गोष्ट करणे म्हणजे उपाशी माणसाला पक्वान्नांची यादी वाचून दाखविणे होय, असेही कोणी म्हणेल. परंतु आपल्या जिल्ह्याच्या पाण्याची कथा थोडी निराळी आहे. ज्ञानगंगा आपल्या डोंगरांतून निघून उत्तरेस पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी पश्चिमेच्या समुद्राला. याच डोंगरांच्या दुसऱ्या अंगाला उगम पावलेली पैनगंगा मात्र वर्धेला मिळते, आणि प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेने पूर्वेच्या समुद्रास जाते. एका पावसाचे पाणी दोन समुद्रांना पाठविणारा हा मुलूख आहे. त्यातच गेल्या काही पिढ्यांत नळगंगा, ज्ञानगंगा, मन, मस, पेनटाकळी आणि देऊळगाव राजाकडील खडकपूर्णा अशी धरणे झाली. आपल्या पणजोबांनी पावसाळ्याबाहेर जेवढे पाणी एके ठिकाणी पाहिले नसेल, तेवढे आज दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या आसपास उभे असते. पाणी आहे, त्याच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी मात्र अजून जुनीच आहे.

या दृष्टीचे कारण आपणां सर्वांस ठाऊक आहे. पालखीचा दांडा, मासळीचे जाळे, तळ्यातला शिंगाडा आणि नावेचे वल्हे हीच आपली पिढीजात साधने होती. पुराच्या दिवसांत पैलतीरावरून कोणी हाक मारली की रात्र असो वा पाऊस असो, नावाड्याने उठले पाहिजे असा रिवाज होता. उतारू धान्याच्या मापाने मोबदला देई, तोही सुगी झाल्यावर. आणि नावेतून उतरताच नावाड्याची सावली टाळणारेही त्याच उतारूंत असत. नदीनदीवर पूल झाले आणि तर बंद पडली, तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी वल्हे आढ्याला टांगले व मुलांच्या हाती पाटी दिली. ते त्यांनी योग्यच केले. म्हणूनच आज एखादा तरुण म्हणाला की आम्हांस पुन्हा वल्हे मारावयाचे आहे, तर घरातील आजोबा चमकून विचारतात, ‘‘अरे, ज्याने आम्हांला कमीपणा आला, तेच पुन्हा हाती घेणार?’’

हा प्रश्न आम्ही हलका समजत नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी शेजारच्या शिवारात पाहावे. वऱ्हाडातील शेतकरी वर्षभर बैलांच्या मागे राबतो. नांगर, वखर, डवरा यांत त्याचा जीव मेटाकुटीस येतो. पण शंकरपटाचा दिवस आला की तोच शेतकरी त्याच बैलांच्या शिंगांना रंग लावतो, आणि जोडी धावपट्टीवर सुटली की देहभान विसरतो. कायद्याच्या वादात ही शर्यत काही वर्षे बंद होती. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती नियमांच्या चौकटीत मान्य केली, तेव्हा गावोगाव आनंद झाला तो काही बक्षिसाच्या रकमेपुरता नव्हता. जे काम पोटासाठी सक्तीने करावे लागते, तेच स्वेच्छेने, चार लोकांच्या कौतुकात आणि आपल्या अंगच्या कसबासाठी केले म्हणजे त्याचा खेळ होतो. कुस्तीचेही तसेच, लाठीचेही तसेच. मग वल्ह्याचाच खेळ आपण का करू नये? ज्या हातांना ते पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे होते, त्याच हातांना त्यातील आनंद परका राहावा, ही गोष्ट आम्हांस खटकते.

आता हे खेळ कोणते ते पाहू. प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. नावेच्या काठावरील कडीत अडकवून जे लांब वल्हे ओढतात, त्या खेळास रोइंग म्हणतात. त्यात खेळाडूची पाठ पुढे आणि तोंड मागे असते. जेथून आलो तो किनारा दिसतो, जेथे जावयाचे तो दिसत नाही. दुसऱ्या प्रकारात वल्हे नावेला कोठेही बांधलेले नसते. ते दोन्ही हातांत मोकळे धरावयाचे आणि तोंड पुढे ठेवून नाव चालवावयाची. आपला डोंगा ज्याने चालविला आहे त्याला हा दुसरा प्रकार नव्याने शिकविण्याची गरज नाही. एका झाडाचे खोड कोरून केलेली ती होडी. जगातील अनेक नदीकाठच्या लोकांनी एकमेकांस न भेटता तशीच होडी घडविली. पाश्चात्त्य देशांत तिच्याच वंशातील नावेस कॅनो म्हणतात. शर्यतीच्या कॅनोत एक गुडघा टेकून बसतात आणि एका पात्याच्या वल्ह्याने एकाच बाजूस वल्हवितात.

कयाक ही उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशातील शिकाऱ्यांची निर्मिती. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती करीत. पाय लांब करून तीत बसावयाचे आणि दोन्ही टोकांस पाती असलेले वल्हे आळीपाळीने उजवी-डावीकडे पाण्यात घालावयाचे. आज ती प्लॅस्टिकची, फायबरची किंवा कार्बनच्या धाग्यांची करतात. एका माणसाची शर्यतीची कयाक पाच मीटर वीस सेंटिमीटरपर्यंत लांब असते आणि तिचे वजन बारा किलोपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे वयात आलेली मुलगी ती खांद्यावर टाकून काठापर्यंत सहज नेईल. नवशिक्यांसाठी मात्र रुंद, वरून बंद आणि वर बसावयाची कयाक मिळते. ती उलटली तरी माणूस आत अडकत नाही, बाजूस पडतो आणि पुन्हा चढून बसतो. याखेरीज फळीवर उभे राहून उंच वल्ह्याने चालणे आहे, हवेच्या तराफ्यातून सहा-आठजणांनी खळाळत्या प्रवाहात उतरणे आहे आणि चीनकडून आलेली, ढोलाच्या ठेक्यावर अनेकांनी मिळून वल्हवावयाची ड्रॅगन नाव आहे.

यात आनंद तो कोणता? ज्याने कधी वल्हे धरले नाही, त्यास वाटते की हा दंडाच्या बळाचा खेळ आहे. पहिल्या दिवशी तो हातांनीच पाणी ओढतो आणि अर्ध्या तासात थकून जातो. जाणता शिक्षक त्याला सांगतो की पाते पायाच्या पंजाजवळ पुरते बुडव, कंबर वळव, पाठीने ओढ, आणि पाते मांडीपाशी आले की बाहेर काढ. हे ज्या दिवशी साधते, त्या दिवशी पाणी ढवळण्याचा आवाज थांबतो आणि नाव जणू आपण होऊन सरकू लागते. एकाच बाजूस वल्हविले की नाव दुसरीकडे वळू पाहते. म्हणून ओढीच्या अखेरीस पाते किंचित बाहेर मुरडावे लागते. आपले म्हातारे नावाडी हे न सांगता करीत. त्यांना त्याचे नाव ठाऊक नव्हते, कसब ठाऊक होते. भल्या पहाटे धरणाचे पाणी निश्चल असते. पाणकावळा शेजारून बुडी मारतो, डोंगराची सावली नावेखालून जाते, आणि यंत्राची घरघर नसल्यामुळे आपण कोणाचे काही हिरावून घेत नाही असे वाटते. ज्या मुलाला वर्गात मान वर करावयाचे धैर्य होत नाही, तोही नावेत एकटा बसला म्हणजे निर्णय घेऊ लागतो; कारण तेथे त्याच्या वतीने वल्हे मारणारा दुसरा कोणी नसतो.

महाराष्ट्रात या खेळाची परंपरा मुळीच नाही असे नाही. पुण्यात १८६८ साली रॉयल कॅनॉट बोट क्लब स्थापन झाला, तो साहेबलोकांच्या करमणुकीसाठी. पुढे १९२८ पासून पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब मुळेच्या पात्रात आपला रेगाटा भरवू लागला. विद्यार्थी कयाकी आणि पंट घेऊन पाण्यावर आकृती रचतात व तिन्हीसांजेला मशालींच्या उजेडात त्या हलताना पाहण्यासाठी काठावर मोठी गर्दी जमते. कृष्णाकाठची गोष्ट याहून आम्हांस अधिक जवळची वाटते. सांगलीजवळच्या सांगलवाडी, कवठेपिरान, समडोळी, डिग्रज अशा गावांचे शेतकरी तरुण कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती खेळतात. तेथे साहेब नाही, महाविद्यालय नाही. गावाची होडी, गावचे गडी आणि दोन्ही काठांवर उभे असलेले गाव. ऊस तोडणारा आणि दूध घालणारा गडी त्या दिवशी आपल्या गावाच्या नावाने वल्हे मारतो. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदी आहे. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटलेले पाणी सकाळी नदीत आले की तेथे तराफ्यांची धांदल उडते. पावसाळा सरल्यावरही ती नदी खळाळते याचे श्रेय त्या सोडलेल्या पाण्याला आहे. म्हणजे धरणाच्या पाण्यावरही खेळ उभा राहू शकतो, याचा हा दाखलाच आहे.

समुद्राकडे गेलो तर वल्ह्याची प्रतिष्ठा फार जुनी. मराठ्यांच्या आरमारातील गलबते शिडांइतकीच वल्ह्यांवर चालत. एकेका गलबतास चाळीस-पन्नास वल्ही असत आणि वारा पडला की शत्रूची अवजड जहाजे जागच्या जागी खिळत, तेव्हा ही गलबते त्यांना गाठीत. आजही मालवणाकडे एका बाजूस लाकडाची उलांडी बांधलेली होडी दिसते. ती उलांडी लाटेत होडीला आधार देते. सागरकिनारी कयाक चालविणाऱ्याने पहिल्याने शिकावयाचे ते भरती-ओहोटीचे वेळापत्रक. भरती दिवसातून साधारणतः दोनदा येते आणि दररोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. भरतीबरोबर खाडीत शिरावे आणि ओहोटीबरोबर परतावे, म्हणजे पाणीच आपला सोबती होते. याचा विसर पडला की तेच पाणी चिखलात रुतविते किंवा मुखाबाहेर ओढून नेते. पहाटे जमिनीकडून मतलई वारे सुटतात, ते नावेला बाहेर ढकलतात; दुपारी खारे वारे किनाऱ्याकडे येतात आणि लाटा उठवितात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात नवख्याने खाडीच्या मुखाशी जाऊ नये. कोळी बांधवांना हे लहानपणापासून ठाऊक असते. आपण धरणकाठच्या माणसांनी तिकडे सहलीस गेल्यावर त्यांचे शब्द प्रमाण मानावेत.

या किनाऱ्यावरचे एक उदाहरण आमच्या भगिनींनी विशेष लक्ष देऊन ऐकावे. वेंगुर्ले येथे मांडवी खाडीच्या काठी राहणाऱ्या मच्छीमार समाजातील काही स्त्रियांनी ‘स्वामिनी’ नावाचा बचत गट केला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या आणि शासनाच्या कांदळवन कक्षाच्या साहाय्याने २०१७ सालापासून त्या पाहुण्यांना होडीत बसवून खारफुटीच्या वनातून फिरवू लागल्या. वल्हे त्यांच्याच हाती, आणि झाडांची व पक्ष्यांची माहिती सांगणारे तोंडही त्यांचेच. पूर्वी त्या मासळी विकीत. होडी चालविणे हे पुरुषांचे काम मानले जाई. आज त्यांच्या होडीत बसण्यासाठी लांबलांबचे लोक येतात, पैसे देतात आणि उतरताना आभार मानतात. मोबदला तेव्हाही होता, आजही आहे. परंतु वल्हे मारणाऱ्याकडे पाहणारी नजर बदलली आहे. आम्हांस आपल्या धरणांवर हवा आहे तो हाच बदल.

केरळात गेल्यास हा मान अख्ख्या प्रांताने दिलेला दिसतो. अलप्पुझा येथे १९५२ साली पंडित नेहरूंच्या स्वागतार्थ सर्पनौकांची शर्यत झाली. पंडितजी इतके हर्षभरित झाले की विजयी नावेत ते स्वतः चढले, आणि पुढे त्यांनी दिलेल्या चषकासाठी दरवर्षी शर्यत होऊ लागली. शंभर फुटांहून लांब नाव, तीत शंभराच्या आसपास वल्हेकरी, आणि एका नौकागीताच्या लयीवर पडणारी सारी वल्ही. त्या नावेत कोण कोणत्या घरचा हे काठावरून ओळखू येत नाही, गावाची नाव तेवढी ओळखू येते.

तरुणांना आता विचारावयाचे असेल की यात पुढे वाव किती? ऑलिम्पिकमध्ये कॅनो-कयाकच्या शर्यती १९३६ पासून आहेत. स्त्रियांची कॅनो मात्र २०२१ साली झालेल्या टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये प्रथम आली. १९९४ च्या हिरोशिमा येथील आशियाई स्पर्धेत सिजी सदानंदन आणि जॉनी रोमेल यांनी दोघांच्या कॅनोत एक हजार मीटरच्या शर्यतीत भारताला कांस्यपदक मिळवून दिले. त्यानंतर एकोणतीस वर्षांनी, २०२३ साली हांगचौ येथे अर्जुन सिंग व सुनील सिंग सलाम यांनी त्याच शर्यतीत पुन्हा कांस्य मिळविले. मधल्या काळाची लांबी पाहिली म्हणजे या खेळात आपल्या देशाला किती माणसे कमी पडतात ते कळते. ज्या खेळात गर्दी कमी, त्यात नव्या माणसाला जागा अधिक.

आपल्याच राज्यातील दत्तू भोकनळ यांचे उदाहरण प्रत्येक घरात सांगितले पाहिजे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे त्यांचे गाव. तो अवर्षणाचा प्रदेश. वडील विहिरी खोदण्याचे काम करीत आणि मुलगा त्यांना हातभार लावी. ज्याने पाण्यासाठी जमीन खणली, त्याने २०१२ साली सैन्यात गेल्यावर रोइंगचे वल्हे धरले आणि अवघ्या चार वर्षांत, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या नावेत भारताचे प्रतिनिधित्व केले. तेथे त्यांचा क्रमांक तेरावा आला. दोन वर्षांनी आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्यांच्या गावाला समुद्र नव्हता, मोठी नदी नव्हती. ‘‘आमच्याकडे पाणी नाही’’ ही सबब त्यांच्यानंतर कोणी सांगू नये.

ग्वाल्हेरच्या प्राची यादव यांचे पाय जन्मतः अधू. त्या आधी पोहू लागल्या आणि मग भोपाळच्या तलावावर कयाक व कॅनो चालवू लागल्या. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये या खेळात उतरणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या आणि अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. २०२३ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक पटकाविले. जमिनीवर जिला आधार लागतो तिला पाण्यावर तो लागत नाही. आपल्या समाजात ज्या घरी असे मूल आहे, त्या घराने या गोष्टीचा विचार करावा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये श्रीनगरच्या दल सरोवरावर पहिला खेलो इंडिया जलक्रीडा महोत्सव झाला, त्यात कयाक आणि रोइंगबरोबर काश्मिरी शिकाऱ्यांच्या शर्यतीलाही स्थान होते. शिकाऱ्याला स्थान मिळते, तर डोंग्याला का मिळू नये, असा प्रश्न आमच्या मनात येतो.

येथवर गोड गोड सांगून झाले. आता जे सांगावयाचे त्यासाठीच आम्ही मुख्यतः येथे उभे आहोत. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात, झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि नात्यागोत्यातील अकरा माणसे बुडाली. दशक्रियेच्या निमित्ताने ती मंडळी एकत्र आली होती. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळात नाव बुडाली व सहा जीव गेले. अशा बातम्या वाचताना आपल्या पोटात कालवाकालव होते, कारण नाव आपल्या ओळखीची असते आणि नावाडीही बहुधा आपल्यासारखाच असतो. दरवर्षी पोळा, गणपती आणि देवी यांच्या विसर्जनाला आपल्या तालुक्यातही कोणाचे ना कोणाचे घर रडते. पाण्याशी पिढीजात नाते असल्याने आपल्याला पाणी काही करणार नाही, हा समज फार घातकी आहे. जुन्या माणसांना पोहता येत होते. सुका भोपळा पाठीला बांधून त्यांना विहिरीत सोडलेले असे. आज आपल्याच कित्येक घरांतील मुलांना पोहता येत नाही, मुलींना तर नाहीच नाही. आजा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकतो, आणि नातू काठावरून त्याचे छायाचित्र काढतो.

म्हणून या खेळाचे पहिले मोल आम्ही पदकांत मोजत नाही. पद्धतशीर खेळ म्हटला की त्याला नियम आले, आणि हे नियमच जीव वाचवितात. पोहता आल्यावाचून वल्हे हाती द्यावयाचे नाही. पट्टे घट्ट बांधलेले, मापाचे जीवरक्षक जाकीट अंगात असल्यावाचून नावेत पाय ठेवावयाचा नाही, मग तो गावचा सर्वोत्तम पोहणारा का असेना. नावेत ठरल्याहून एकही माणूस अधिक घ्यावयाचा नाही. मध्येच उभे राहावयाचे नाही. नाव उलटली तर ती सोडून किनाऱ्याकडे हात मारीत सुटावयाचे नाही. उलटलेली नावही तरंगते, तिला धरून राहावे आणि मदत येऊ द्यावी. पश्चिमेस ढग काळवंडले की खेळ तेथेच थांबवावा. काठावर दोर घेऊन एक जाणता माणूस उभा असलाच पाहिजे. आणि मद्य घेतलेल्याला, तो कितीही मानाचा पाहुणा असो, पाण्यावर नेऊ नये. ज्या मुलाने हे नियम खेळ म्हणून अंगी बाणविले, तो उद्या पुरात, तरीवर किंवा विसर्जनाच्या गर्दीत दहा माणसांना वेळीच आवरील. झुंज येथे काय किंवा उजनीत काय, अशी आवरणारी माणसे प्रत्येक काठावर असावीत, एवढीच आमची इच्छा आहे.

आता आपल्याकडे काय करता येईल ते थोडक्यात सांगतो. आरंभ अगदी लहान असावा. पावसाळा ओसरल्यावर, आश्विनापासून माघापर्यंत जवळच्या एखाद्या धरणात पाणी भरलेले व शांत असते; तेवढे महिने पुरेत. आधी पाटबंधारे खात्याची रीतसर परवानगी घ्यावी, आणि त्या धरणावर ज्या मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असेल तिच्याशी बसून ठरवावे की खेळाची जागा कोणती आणि जाळ्यांची कोणती. पाण्याखालच्या जाळ्यात वल्हे आणि पाय अडकतात, आणि फाटलेल्या जाळ्याने एका घराची चूल बंद पडते. खेळणारा आणि जाळे टाकणारा हे दोघेही आपलेच आहेत. सांडवा आणि विमोचकाची दारे यांपासून दूर राहावे. बुडालेल्या शिवारातील जुन्या विहिरी व झाडांची खोडे कोठे आहेत, हे वृद्धांकडून विचारून खुणा कराव्यात. त्यांच्या आठवणीचा असा उपयोग दुसरा कोणी करून घेणार नाही. लोणार सरोवर आणि ज्ञानगंगा अभयारण्यातील पाणी ही वन्य जीवांची स्थाने. तेथे नाव नेण्याचा विचारही आपल्या मनात येऊ नये.

नावांविषयी म्हणाल तर दोन-तीन रुंद कयाकी आणि पुरेशी जाकिटे एवढ्यावर पहिले वर्ष निघते. खर्च नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण एका लग्नातील वाजंत्री आणि फटाक्यांचा हिशेब समोर ठेवला तर तो डोंगराएवढा वाटत नाही. वर्गणीतून आलेली नाव कोणा एकाच्या अंगणात जाऊ नये. ती मंडळाची राहावी आणि तिची नोंदवही असावी. शिकवावयास जाणता व प्रमाणित शिक्षक बाहेरून आणावा, आणि त्याच्या शेजारी आपला एखादा वृद्ध नावाडी बसवावा. एक शास्त्र सांगेल, दुसरा पाणी सांगेल. मुलींची तुकडी पहिल्याच दिवसापासून निघावी, मागाहून कधीतरी नव्हे. आणि दुसऱ्या समाजाचे मूल काठावर उभे राहून पाहत असेल तर त्यालाही जाकीट द्यावे. नावेत बसणाऱ्याची जात विचारणे हे नावाड्याच्या धर्मात कधीच नव्हते.

हे आपण केले नाही तरी पाणी ओस पडणार नाही, हेही ध्यानात असू द्यावे. राज्यात धरणकाठी पर्यटन वाढत आहे. उद्या कोणी धनिक येईल, ठेका घेईल, रंगीत नावा आणील, आणि आपला मुलगा त्या नावा धुण्यासाठी रोजाने जाईल. मग आजोबांनी ज्या कमीपणाच्या भीतीने वल्हे आढ्याला टांगले, तोच कमीपणा दुसऱ्या दाराने घरात येईल. तो यावयाचा नसेल तर त्या पाण्यावर शिकविणारा, राखणारा आणि आनंदाने खेळणारा माणूस आपल्यातून तयार झाला पाहिजे.

वडीलधाऱ्यांना आमची हात जोडून एवढीच विनंती आहे की नातवंडांनी वल्हे मागितले तर त्यांना अडवू नका. आधी पोहावयास शिकवा, जाकिटाचा पट्टा स्वतःच्या हाताने घट्ट करा आणि मग नाव ढकलून द्या. येत्या दिवाळीच्या सुट्टीत पोहण्याच्या वर्गाची नावे नोंदविण्यासाठी मंडळाने एक वही ठेवावी, अशी सूचना आम्ही या सभेपुढे मांडतो.